नवव्या रिळातला जुळा भाऊ

गेल्या लग्नसराईत घनसावंगीला एका लग्नात पंगतीला बसलो होतो. शेजारच्या पन्नाशीतल्या गृहस्थाने दोन-तीनदा माझ्याकडे निरखून पाहिलं आणि हातातला घास तसाच ठेवून विचारलं, "तुम्ही जालन्याच्या टाकीजमधी ऑपरेटर व्हते ना?"

मी हो म्हणालो. वाटलं, जुना प्रेक्षक आहे, दोन शब्द चांगले बोलेल.

तो पलीकडच्याला म्हणाला, "हेच ते! ह्यांनीच जुळा भाऊ कापल्ता!"

अख्खी पंगत हसली. मी बुंदी पानात टाकून उठलो. सौ. बायकांच्या पंगतीतून खुणा करत होती, पण मी बसलो नाही.

या अंकाच्या संपादकांनी 'टॉकीजमधल्या गमतीजमती' लिहून मागितल्या आहेत. गमती हव्या असतील त्यांना त्या आपोआप सापडतील. मी लिहायला बसलो आहे तो मात्र एका आरोपाला उत्तर द्यायला. जालन्यातल्या एका टॉकीजमध्ये मी एकवीस वर्षं मशीन चालवलं, आणि तेवढ्या काळात फिल्मचा एक तुकडासुद्धा चोरला नाही.

बाहेरच्या माणसाला यातलं गांभीर्य कळत नाही, म्हणून आधी धंदा समजावून सांगतो. पडद्यावर एका सेकंदात चोवीस चित्रं पळतात. एका मिनिटाला नव्वद फूट फिल्म जाते. एक रीळ म्हणजे साधारण हजार फूट, म्हणजे अकरा मिनिटं. केबिनमध्ये दोन मशीन असतात. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो, आणि आपण दुसरं मशीन चालू करतो. प्रेक्षकाला काही कळलं नाही तर आपण काम नीट केलं. आमच्या कामाची वाहवा म्हणजे आमची कोणालाही आठवण न होणं.

एकच प्रिंट गावोगाव फिरते. प्रत्येक गावात ती कुठेतरी तुटते. तुटली की जोड द्यायचा, आणि जोड देताना दोन चित्रं जातात. ती जाणारच. त्याहून जास्त गेली तर ती चोरी. आणि अशा चोऱ्या आमच्या धंद्यात सर्रास होत्या. कोणी नाचातला तुकडा कापून ठेवायचा, कोणी नायिकेच्या अंघोळीचा. पाच-सात गावं फिरून प्रिंट आमच्याकडे यायची तेव्हा ती उंदरांनी कुरतडलेल्या लुगड्यासारखी झालेली असायची. नायिका विहिरीवर पाणी शेंदत असायची आणि पुढच्या क्षणी कोरड्या साडीत देवळात उभी. लोक खालून मला शिव्या घालायचे. पेटी आली की मी प्रत्येक रीळ हाताने फिरवून, बोटांनी काठ चाचपून तपासत असे आणि मगच मशीनवर चढवत असे. अशा माणसाला 'कापला' म्हणतात.

आता रशीदभाईंबद्दल.

आमच्याकडे सकाळच्या खेळाला इंग्रजी चित्रपट लागायचे. हा खेळ मुख्यतः एमआयडीसीतल्या रोलिंग मिलच्या कामगारांचा. रात्रपाळी सुटली की ती मंडळी अंगावरची काजळी न धुताच सायकली आणि टेम्पोंतून यायची. घरी जाऊन पोरांच्या गलक्यात झोप येत नाही, त्यापेक्षा इथे गार अंधारात बसावं, असा त्यांचा विचार. इंग्रजी कोणालाच येत नव्हतं. म्हणून आमच्या टॉकीजमध्ये एक पद्धत पडली होती: केबिनमधल्या दुसऱ्या खिडकीपाशी लोखंडी स्टुलावर बसून रशीदभाई माइकवरून चित्रपट समजावून सांगत.

रशीदभाई मूळचे टॉकीजच्या जाहिरातीचे. तरुणपणी टांग्यात बसून, भोंगा धरून, गल्लोगल्ली चित्रपटाचा पुकारा करायचे. पुढे रिक्षा आणि कॅसेट आली, टांगा गेला. शेटजींनी, म्हणजे आमच्या मालकांनी, त्यांना सकाळच्या खेळाचं हे काम दिलं. त्यांना स्वतःला इंग्रजीचा गंध नव्हता. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि डिक्शनरी बाळगणारा. आदल्या दिवशी आम्ही दोघंच चित्रपट चालवून बघायचो. मी जमेल तसा अर्थ सांगायचो आणि ते डोळे मिटून ऐकायचे. दुसऱ्या दिवशी माइकवर त्यातलं निम्मं असायचं आणि निम्मं त्यांचं.

"रशीदभाई, ती असं म्हणालीच नाही."

"मुंह तो हिलाया ना उसने, मास्तर? मंग? कुछ तो बोली असेल."

त्यांना बोलायचं असलं की ते माझ्या कोपराला हलकेच बोट लावत. मी आवाजाचं बटण खाली घ्यायचो. बोलून झालं की पुन्हा बोट, पुन्हा आवाज वर. अंधारात तोंडाने सांगायची सोय नव्हती, कारण माइक सगळं पकडायचा. पुढेपुढे तर बोट लागायच्या आधीच माझा हात बटणावर असायचा.

शहरात व्हिडिओचं पीक आलं त्या वर्षीची ही गोष्ट. चहाच्या हॉटेलामागे, पिठाच्या गिरणीवर, जिथे बघावं तिथे पडदे लावून टीव्ही मांडले होते. सकाळच्या खेळाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. एक दिवस शेटजी केबिनचा जिना चढून वर आले. ते वर आले की काहीतरी बंद होणार, हे ठरलेलं.

"पुढच्या आठवड्याचं चित्र बघतो," ते म्हणाले. "पब्लिक आलं तर ठीक. न्हाई आलं तर सकाळचा खेळ बंद. मी पण खालच्या गोदामात व्हिडिओच लावतो."

मला काळजी नव्हती. दुपारचे, संध्याकाळचे खेळ होतेच. रशीदभाईंना मात्र टॉकीजमध्ये दुसरं कामच नव्हतं. घरात दोन मुली लग्नाच्या होत्या आणि वय पंचावन्नच्या पुढे गेलेलं. ते जिन्याकडे बघत एवढंच म्हणाले, "चित्र कौनसा है, मास्तर?"

चित्रपट विलायती होता, हसतखेळत चाललेला हेरगिरीचा, आणि एका जुन्या चित्रपटाचा दुसरा भाग. पहिला भाग मागच्याच वर्षी आमच्याकडे लागून गेला होता. नायक लंडनचा हेर, पण भित्रा. चौकड्यांचा कोट, हातात छत्री, आणि ती छत्री ऐन वेळी कधीच उघडत नाही. बायका आखूड झग्यांतल्या, पांढऱ्या बुटांतल्या, ताटलीएवढे गॉगल लावलेल्या. भिंतींवर असे रंगीत वाटोळे की बघून गरगरावं. तो सगळा थाट विलायतेत उरकून पंधरा-वीस वर्षं झाली होती; आमच्याकडे तो आता पेटीतून आला होता. पहिल्या भागातला खलनायक होता एक टकला माणूस. तो काचेच्या घरात गुलाब लावायचा आणि शेवटी तेच काचेचं घर अंगावर कोसळून मरायचा. दुसऱ्या भागात खलनायिका होती, अत्तराचा कारखाना चालवणारी एक बाई.

आमच्याकडे प्रत्येक इंग्रजी चित्रपटाला हिंदी नाव द्यायची रीत होती. शेटजींनी याचं बारसं केलं 'लंडन का लाडला जासूस, भाग दो'. इथवर ठीक. पण फलकावर त्यांनी पेंटरकडून लिहून घेतलं, 'सिर्फ बडों के लिए'. सेन्सॉरने सर्वांसाठी म्हणून पास केलेला चित्रपट! शिवाय नायिकेचा झगा मुळातच आखूड होता, तो पेंटरने शेटजींच्या सांगण्यावरून आणखी वीतभर वर घेतला. मी हरकत घेतली. शेटजी म्हणाले, "तू मशीन बघ." आमच्याकडे प्रामाणिकपणाची हद्द केबिनच्या दारापाशी संपत होती.

पेटी शुक्रवारी पहाटे औरंगाबादच्या एसटीने आली. बघतो तर नऊपैकी आठच डबे. चित्रपट पुरवणाऱ्या एजंटच्या माणसाने निरोप धाडला होता, नववा मागच्या गाडीने येतोय. आदल्या दिवशी बघून घ्यायची आमची पद्धत बुडाली, निदान आठ रिळं तपासून घेतली. नववा डबा हातात पडला तेव्हा इंटर्व्हल संपून खेळ पुन्हा सुरू झाला होता. चालू खेळात रीळ तपासता येत नाही. रिळाच्या तोंडाशी जोडलेल्या कोऱ्या पट्टीवर पेनाने लिहिलं होतं, 'जासूस, ९'. आठव्या रिळावर 'जासूस, ८' होतं. मी रीळ चढवलं. माझ्या जागी देव असता तरी त्याने चढवलं असतं.

ठिपका चमकला. मी मशीन बदललं. आणि पडद्यावर तो टकला उभा.

रशीदभाईंनी माइकवर तळहात दाबला. "मास्तर, ये टकला तो मर गया था ना?"

"हो. मागच्या वर्षी, आपल्याच पडद्यावर."

"फिर ये क्या कर रा यहां?"

"रीळ चुकलंय. पहिल्या भागाचं शेवटचं रीळ पाठवलंय. दोन्हींचे डबे एकाच फळीवर ठेवले असणार गाढवांनी. मी बंद करतो."

खाली गलबला सुरू झाला होता. कोणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो तर मेल्ता!" दुसरा म्हणाला, "आन् ती काळ्या केसाची कुठं गेली? ही पिवळी कोण?" एकाने शिट्टी मारली. खुर्चीच्या फळ्या आपटू लागल्या.

माझा हात मशीनचा उजेड अडवणाऱ्या झडपेवर गेला. रशीदभाईंनी खिडकीतून खाली बघितलं आणि माझा हात धरला. "बंद किया तो कुर्स्या तोडेंगे, मास्तर. और कल से शेटजी का व्हिडिओ. नक्को." आणि त्यांनी माझ्या कोपराला बोट लावलं.

सवयीने माझ्या हाताने आवाज खाली घेतला. मी विचार केला नाही.

"ठहरो भाइयो!" रशीदभाईंचा टांग्यातला आवाज हॉलभर घुमला. "कोई कुर्सी न छोडे! आप सोच रहे हैं, ये टकला तो मर गया था. बराबर सोच रहे हैं! वो मर गया, अल्ला उसको माफ करे. ये है उसका जुडवाँ भाई!"

मग असा गजर उठला की केबिनच्या काचा हादरल्या.

त्या गजरावर स्वार होऊन रशीदभाई सुटले. अत्तरवाली बाई ही नुसती नोकर, खरा मालक हा. नायिकेचे काळे केस पिवळे कसे झाले? "जासूस है भाई, विग उतार दिया!" टकला पुन्हा गुलाबांच्या काचेच्या घरात शिरला तेव्हा लोक खुर्च्यांवर चढून "नको जाऊ! नको जाऊ!" ओरडायला लागले. काच कोसळली. रशीदभाई सुस्कारा टाकून म्हणाले, "क्या करे! इस खानदान में पत्रे का घर किसीने बांधाच नहीं!"

लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडले. आमच्या टॉकीजच्या पडद्यावर, माझ्या हाताने, एका चित्रपटाला दुसऱ्याच चित्रपटाचं शेपूट लागलं होतं, आणि लोक टाळ्या वाजवत होते.

दुपारी मी तारघरात गेलो. रशीदभाई बरोबर चालत आले.

"भेजनाच है क्या?" त्यांनी विचारलं.

"चुकीचं रीळ आलंय. कळवायला नको?"

ते म्हणाले, "हौ. तुम्हारा काम तुम करो." आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले.

मी तार केली: चुकीचं रीळ आलं, बरोबर पाठवा.

ते रीळ येईपर्यंत काय झालं ते ऐका. शनिवारी हॉल भरला. रविवारी तिकिटं न मिळून लोक परत गेले. अंबडहून, घनसावंगीहून जीपगाड्या भरून माणसं आली. चहाच्या गाड्यांवर जुळ्या भावाशिवाय दुसरा विषय नव्हता. जे वर्षभर चांगले चित्रपट सोडून व्हिडिओकडे पळाले होते, ते एजंटच्या गोदामातल्या हलगर्जीपणासाठी रांगा लावत होते! शेटजींनी फलकावर 'जुडवाँ का बदला' अशी ओळ वाढवून घेतली. रशीदभाई रोज नवं काही जोडायचे. टकल्याची आई आली, तिने रडत सांगितलेलं वचन आलं. पडद्यावर त्या वेळी गुलाबाला पाणी घालणारी झारी दिसत असायची.

सोमवारी बरोबर रीळ आलं. मी ते आधी बोटांनी तपासलं, मग चालवून बघितलं. शेवट फार चांगला होता. अत्तराच्या हौदात साबणाचा फेस होतो, त्या फेसात बाई आणि तिची माणसं घसरून पडतात, आणि इतक्या वेळ न उघडलेली नायकाची छत्री अखेर उघडते. सबंध चित्रपट ज्या छत्रीची वाट बघत होता ती! टकल्याच्या नादात ही छत्री कोणी बघितलीच नव्हती.

मंगळवारी मी ते लावलं. शेटजींना विचारलं नाही. चित्रपटाचा शेवट दाखवायला परवानगी लागते, असं मला वाटलं नव्हतं. रशीदभाईंना मात्र आधी सांगितलं. ते म्हणाले, "जो दिखाओगे वो बोलूंगा." आणि बोलले. फेसाला त्यांनी जालन्याच्या मोती तलावाची उपमा दिली, छत्री उघडली तेव्हा "शाब्बास!" म्हणाले. समाप्तीची पाटी आली. दिवे लागले.

कोणी उठेना.

मग मागून आवाज आला, "जुळा भाऊ कुठंय?"

दोन मिनिटांत सगळा हॉल ओरडत होता. जिन्यावर पावलं वाजली आणि केबिनच्या दारात रोलिंग मिलचा भगवान उभा राहिला. हा आमचा रोजचा गिऱ्हाईक, भट्टीवर काम करणारा, दाराएवढा माणूस. आज तो गावाकडच्या चौघांना घेऊन आला होता.

"ओ मास्तर, काय करून राह्यले? पाव्हण्यायला मुद्दाम आणलंय. टकला कुठंय?"

"टकला या चित्रपटात नाही."

"न्हाई कसा? म्या सवताच्या डोळ्यानं बघितलाय!"

"तुम्ही बघितलंत ती चूक होती."

"तीन बारी?"

त्याच्या मागून एक पाहुणा म्हणाला, "कापून ठिवला आसंल ह्यानं. ऑपरेटर लोक आसंच करत्यात."

मला, ज्याने जोडातली दोन चित्रंसुद्धा जड मनाने टाकली, त्याला हे ऐकावं लागलं. मी दोन्ही डबे भगवानपुढे ठेवले आणि समजावू लागलो. हा पहिल्या भागाचा, हा दुसऱ्याचा. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बराबर. मंग दोन्ही हायेत ना? दावा की."

तेवढ्यात शेटजी धापा टाकत वर आले. खाली पाच-सहा खुर्च्या मोडल्या होत्या. "पब्लिक मागतंय ते दाखव."

"शेटजी, चित्रपट संपला. वर समाप्तीची पाटी पडली."

"मंग पुन्हा सुरू कर!"

मी रशीदभाईंकडे बघितलं. ते माइकचा रुमाल नीट करत होते. मी चुकीचं रीळ चढवलं. दिवे गेले. कोपराला बोट लागलं.

"बाई पकडी गयी, भाइयो. लेकिन बाई का मालिक कौन?"

पुढचे दोन दिवस असंच चाललं. एका चित्रपटाला दोन शेवट, दोन समाप्तीच्या पाट्या. शेटजी खूश. "सकाळचा खेळ चालू ठेवू," असं ते स्वतःच्या तोंडाने म्हणाले. रशीदभाईंनी त्या दिवशी केबिनमध्ये सगळ्यांना खारी आणि चहा दिला.

गुरुवारी एजंटचा प्रतिनिधी आला. पांढरे बूट, हातात चामड्याची बॅग. वर बाल्कनीत बसून त्याने सगळा खेळ बघितला, दुसऱ्या समाप्तीपर्यंत. मग केबिनमध्ये येऊन म्हणाला, "करार एका चित्रपटाचा. रिळं दोन चित्रपटांची. हा काय प्रकार?"

"ते रीळ तुम्हीच पाठवलंत," मी म्हणालो.

"चूक कोणाकडूनही होते. पण तुमची तार आहे आमच्याकडे. म्हणजे चुकीचं आहे हे तुम्हाला माहीत होतं. तरी दाखवलंत."

वाचकहो, विचार करा. मी तार केली म्हणून मी दोषी! गप्प बसलो असतो तर निर्दोष ठरलो असतो. मी शेटजींकडे बघितलं. ज्यांनी फलकावर 'जुडवाँ का बदला' रंगवून घेतलं, ते शेटजी हात जोडून म्हणाले, "साहेब, हा सगळा वरच्या दोघांचा उद्योग. मला काय कळतंय मशीनमधलं?"

त्या पांढऱ्या बुटाने मग आम्हाला प्रामाणिकपणावर व्याख्यान दिलं. चित्रपट बनवणाऱ्याशी आपण इमान राखलं पाहिजे, वगैरे. ज्याच्या गोदामात डब्याला नीट चिठ्ठी नव्हती, तो हे सांगत होता. शेवटी म्हणाला, "यापुढे आमच्या चित्रपटावर कोणी काही बोलायचं नाही. हा माइक बंद. नाहीतर पेटी येणार नाही."

इंग्रजी चित्रपट देणारा एजंट तो एकच होता. शेटजी लगेच कबूल झाले.

मी भांडलो. आवाज चढवून भांडलो, बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असं नंतर डोअरकीपर म्हणाला. दंड करायचा तर शेटजींना करा, मला करा, गोदामातल्या माणसाला करा. या माणसाने काय केलं? तुमची चूक सावरून घेतली, एवढंच ना? रशीदभाईंनीच माइकची वायर काढली, गुंडाळली, त्यावर रुमाल बांधला आणि म्हणाले, "चलो मास्तर, दुपारच्या खेळाची पेटी तपासायची असेल तुमको."

पुढच्या आठवड्यात सकाळचा खेळ बिनआवाजाचा चालला. म्हणजे इंग्रजी आवाज होता. पण तो कोणाला हवा होता? लोक अर्ध्यातून उठून जायचे. भगवान एकदा केबिनपर्यंत आला, रिकामं स्टूल बघून खाली उतरला. महिन्याभरात सकाळचा खेळ बंद झाला आणि गोदामात व्हिडिओ लागला. रशीदभाई आठवडी बाजारांत प्लास्टिकच्या बादल्या विकू लागले. अंबडच्या बाजारात एकदा दुरूनच तो आवाज ऐकला, "ठहरो भाइयो!" गर्दीही जमली होती. ज्या आवाजाने हॉल उभा केला, तो बादलीचं बूड मजबूत असल्याचं सांगत होता. मी पुढे गेलो नाही.

'तार केली नसती तर?' हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला आहे. सौ.ने विचारला, भगवानने विचारला. रशीदभाईंनी कधीही नाही. माझं उत्तर तेच आहे. आज चुकीचं रीळ आलं तर मी आजही तार करीन. पण चूक गोदामाची, फायदा शेटजींचा, तार माझी, आणि आवाज बंद झाला रशीदभाईंचा. हा हिशेब कोणत्या शाळेत शिकवतात ते मला अजून कळलेलं नाही.

पुढे आमची टॉकीजही बंद पडली. मी एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात वजनकाट्यावर लागलो. तिथे निदान किलोला किलो म्हणतात.

त्या लग्नातून परत आलो तेव्हा माझा चेहरा बघून मुलाने सगळं विचारून घेतलं. महिन्याभराने त्याने कुठूनतरी त्या चित्रपटाची सीडी मिळवून आणली, दुसऱ्या भागाची. मी त्याच रविवारी रशीदभाईंना घरी बोलावलं. आता ते काठी घेऊन चालतात, आवाज थोडा बसला आहे. सौ.ने मुरमुऱ्यांचा सुशीला केला. मी त्यांना खुर्चीत बसवलं, शेजारी मी, हातात रिमोट. मनात होतं, एकदा या माणसाला तरी संपूर्ण, बरोबर चित्रपट बरोबर क्रमाने दाखवावा.

खाली इंग्रजीत संवाद लिहून येत होते. मी वाचून अर्थ सांगत होतो. अत्तरवाली बाई पहिल्यांदा बोलली तेव्हा त्यांनी विचारलं, "सच्ची यही बोली थी ये?"

"हो. लिहिलंय इथे."

"मेरा अच्छा था," ते म्हणाले, आणि पुन्हा पडद्याकडे बघू लागले.

फेस आला. बाई घसरली. छत्री उघडली. समाप्तीची पाटी पडली. मी घड्याळ लावून बसलो होतो. एक मिनिट कमी नव्हतं, की जास्त नव्हतं. समाधानाने उठून टीव्ही बंद करणार, तेवढ्यात माझ्या कोपराला बोट लागलं.

माझ्या अंगठ्याने रिमोटवर आवाज खाली घेतला. पडद्यावर काहीच नव्हतं, नुसता निळा रंग.

"ठहरो भाइयो," रशीदभाई म्हणाले. "कोई कुर्सी न छोडे."

आतून सौ. हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली. मुलगा जमिनीवर बसला. टकला आला, गुलाब आले, त्याची आई आली, तिचं वचन आलं. काचेचं घर उभं राहिलं.

हे रीळ त्या चित्रपटात नाही. हे मी आजही कोणालाही लिहून द्यायला तयार आहे. पण ते संपेपर्यंत मी खुर्ची सोडली नाही.